जुन्या जिप्सीच्या मागच्या चाकाची घरघर : बेअरिंग बदलण्याचे काम आणि एका लहानशा कॉलरवरचा भार

मारुती उद्योगाने डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी भारतीय बाजारपेठेत आणली, तेव्हा तिचे इंजिन ९७० सीसीचे होते. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली, २००० मध्ये इंधन-इंजेक्शनचे इंजिन आले आणि २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठीची विक्री थांबली. या साऱ्या प्रवासात गाडीचा मूळ सांगाडा मात्र फारसा बदलला नाही. शिडीसारखी चौकट, पुढे-मागे अखंड ॲक्सल, चारही चाकांवर पाट्यांच्या स्प्रिंगा आणि मागे ड्रम ब्रेक. सैन्यदल, पोलीस, वनखाते, हिमालयातील डोंगरी रस्ते, राजस्थानची वाळू आणि ताडोबापासून रणथंबोरपर्यंतची व्याघ्र अभयारण्ये असा तिचा संचार राहिला. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जिप्सी ही जुनी गाडी आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. अनेक जिप्सी आता याच टप्प्यात आहेत.

अशा गाडीच्या मालकाला कधी ना कधी एक तक्रार भेटतेच. गाडीने थोडा वेग घेतला की मागून घरघर सुरू होते. प्रथम ती टायरचा आवाज वाटते, मग डिफरेन्शियलचा, आणि पुष्कळदा ‘जुनी गाडी, आवाज करणारच’ असे म्हणून सोडून दिली जाते. मात्र जिप्सीच्या मागच्या ॲक्सलची रचना अशी आहे, की तेथील बेअरिंग चाक फिरते ठेवते आणि चाकाला गाडीशी जोडूनही ठेवते. या आवाजाकडे किती गांभीर्याने पाहायचे, हे त्या रचनेवरून ठरते.

मागच्या ॲक्सलचे दोन ढोबळ प्रकार आहेत. मोठ्या मालमोटारी, लँड रोव्हरच्या जुन्या गाड्या आणि टोयोटाच्या काही लँड क्रूझर यांत फुल-फ्लोटिंग ॲक्सल असतो. तेथे गाडीचे वजन नळीसारख्या हाउसिंगच्या टोकावर बसवलेल्या हबवर आणि त्यातील दोन बेअरिंगांवर तोलले जाते. आतला शाफ्ट फक्त चाक फिरवतो. तो बाहेर काढला तरी चाक जागेवरच राहते. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपचा मागचा ॲक्सलही याच जातीचा होता. जिप्सीचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग आहे. येथे चाक थेट शाफ्टच्या टोकावरील चकतीला बोल्टने जोडलेले असते. शाफ्टचे आतले टोक डिफरेन्शियलच्या गिअरमध्ये दातांनी अडकते आणि बाहेरचे टोक एकाच बॉल-बेअरिंगवर तोललेले असते. वजन पेलणे, वळणावरचा आडवा जोर सोसणे आणि चाक फिरवणे ही तिन्ही कामे हा एक शाफ्ट आणि हे एक बेअरिंग करतात.

आडव्या जोराचा मार्ग समजला की पुढचे सारे काम समजते. वळणावर जेव्हा चाक बाहेरच्या बाजूला ओढले जाते, तेव्हा त्याच्यासोबत शाफ्टही हाउसिंगमधून बाहेर निघू पाहतो. त्याला अडवण्यासाठी शाफ्टवर, बेअरिंगला आतून लागून, एक पोलादी कॉलर बसवलेली असते. शाफ्ट कॉलरला ओढतो, कॉलर बेअरिंगच्या आतल्या रेसला रेटते, तेथून जोर गोळ्यांमार्फत बाहेरच्या रेसवर जातो आणि अखेर ब्रेकच्या पाठीमागील पत्र्याच्या प्लेटला धरून ठेवणाऱ्या चार बोल्टांवर येऊन थांबतो. या साखळीत आटे, पिन किंवा खाच कुठेही नाही. कॉलरचे भोक शाफ्टच्या जाडीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी लहान असते आणि ती प्रचंड दाबाने चढवलेली असते. केवळ त्या घट्टपणामुळे चाक गाडीला लागलेले राहते.

बेअरिंग फार झिजले आणि तापू लागले, तर हा घट्टपणा सैल होऊ शकतो. कॉलर सरकली की चाक, ड्रम आणि शाफ्ट असे तिघेही एकत्र बाहेर येऊ लागतात. ड्रम ब्रेकच्या शूवरून निसटला, तर चाकाच्या सिलिंडरमधील पिस्टन मर्यादेबाहेर सरकून ब्रेक ऑइल वाहून जाऊ शकते. म्हणजे चाक निखळण्याच्या क्षणी त्या बाजूचा ब्रेकही उरत नाही. हे एकाएकी घडत नाही. त्याआधी बहुधा शेकडो किलोमीटर घरघर ऐकू आलेली असते.

जीप दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले कारागीर येथे क्वचित चुकतात, आणि त्याचे कारण त्यांचा अनुभवच असतो. महिंद्राच्या जुन्या सीजे मालिकेतील जीपचा मागचा ॲक्सलही सेमी-फ्लोटिंग, पण घडण निराळी. तेथे शाफ्टचे टोक निमुळते, त्यावर चावीने बसवलेला हब आणि मोठा नट. बेअरिंग शंकूच्या आकाराच्या रोलरचे, आणि शाफ्टची आत-बाहेर हालचाल पातळ पत्र्यांच्या शिम घालून किंवा काढून जुळवायची. दोन्ही शाफ्टांच्या मध्ये ठोकळा असल्यामुळे एका बाजूची शिम बदलली की दुसऱ्या बाजूवरही परिणाम होतो. जिप्सीत अशा जुळवणीला जागाच नाही. बेअरिंग कॉलरमध्ये आणि शाफ्टच्या खांद्यामध्ये पक्के आवळलेले असते. जिप्सीत चाक हलत असेल, तर शिम शोधण्यात अर्थ नाही. बेअरिंग गेलेले असते किंवा त्याची बैठक झिजलेली असते.

पाणी, वजन आणि बंद पडलेला ब्रीदर

बेअरिंग लवकर का जाते, याचे उत्तर अनेकदा ॲक्सलच्या माथ्यावरील एका छोट्या झडपेत सापडते. तिला ब्रीदर म्हणतात. चालून तापलेल्या ॲक्सलमधील हवा प्रसरण पावते आणि ब्रीदरवाटे बाहेर जाते. थंड झाल्यावर तितकीच हवा आत येते. ब्रीदर चिखलाने बुजला की हवेला वाट उरत नाही. तापल्यावर दाब वाढतो आणि गिअर ऑइल शाफ्टच्या सीलवाटे बाहेर ढकलले जाते. उलट तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठावरून पाणी आत शोषले जाते. पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीचे ॲक्सल ऑइल दुधाळ चहासारखे दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळल्याची ती निश्चित खूण मानावी. बेअरिंगच्या गोळ्यांना गंज धरण्यास एवढे पुरते.

दुसरे कारण वजनाचे. सफारीच्या जिप्सीत मागे उंचावर बाके बसवलेली असतात आणि सहा पर्यटक, मार्गदर्शक व चालक अशी आठ माणसे नेहमी बसतात. यातील बहुतेकांचा भार मागच्या ॲक्सलवर येतो. फोर-व्हील-ड्राइव्ह घातलेले नसताना जिप्सी मागच्याच चाकांवर चालते, त्यामुळे ओढण्याचे कामही त्याच ॲक्सलकडे असते. जंगलात गाडी इतक्या संथ वेगाने चालते, की बेअरिंगचा आवाज तेथे उमटतच नाही. जो दोष महामार्गावर पहिल्याच दिवशी कानावर आला असता, तो अभयारण्यातील गाडीत पूर्ण हंगाम दडून राहू शकतो. अशा गाड्यांबाबत कानावर विसंबून चालत नाही, चाक उचलून पाहावे लागते.

हौसेचाही यात वाटा आहे. रुंद टायर आणि चाक बाहेर आणणारे स्पेसर लावले, की चाकाचा मध्य बेअरिंगपासून दूर जातो. तरफेचा हात लांबला की तोच धक्का बेअरिंगवर अधिक जोराने पोहोचतो. मारुतीने १९९३ मध्ये जिप्सीच्या दोन चाकांमधील अंतर ९० मिलिमीटरने वाढवले, तेव्हा ॲक्सलच बदलून वाढवले. बाजारात मिळणाऱ्या स्पेसरने दिसायला तेच साधते, पण त्याची किंमत बेअरिंग मोजते.

आवाजाची पारख

बेअरिंगची घरघर गाडीच्या वेगाशी बांधलेली असते, इंजिनाच्या फेऱ्यांशी नाही. साधारणतः ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे ती स्पष्ट होते. मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रल केला तरी ती तशीच राहते. ॲक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसरा सूर लागत असेल, तर संशय डिफरेन्शियलच्या गिअरवर घ्यावा. डांबरी रस्ता सोडून काँक्रीटवर जाताच आवाज बदलत असेल, तर तो बहुधा टायरचा. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळी आवाज वाढला तर उजवे बेअरिंग संशयित ठरते. मात्र अखंड ॲक्सलची पोलादी नळी आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सहज वाहून नेते. चालकाच्या आसनावरून ‘आवाज डावीकडचाच’ असे ठामपणे सांगणारे बरेचदा फसतात.

खरी परीक्षा चाक उचलल्यावर होते. गाडी सपाट जागी उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. केवळ हँडब्रेकवर भिस्त ठेवू नये. हँडब्रेक प्रोपेलर शाफ्टवर काम करणारा असेल, तर एक मागचे चाक उचलताच डिफरेन्शियलमुळे जमिनीवरचे चाक मोकळे होते आणि गाडी घरंगळू शकते. हँडब्रेक चाकांवर असला तरी उचललेले चाक काही धरून ठेवत नाही. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, टेकवण्याचे नव्हे. ॲक्सलखाली मजबूत लोखंडी स्टँड दिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यानंतर चाकाचा वरचा आणि खालचा भाग धरून हलवून पाहावा. चाक आत-बाहेर ओढून पाहावे. चांगल्या बेअरिंगमध्ये हाताला ‘टक्’ जाणवत नाही. एक हात ब्रेकच्या पाठीमागील प्लेटवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवले, तर बिघडलेल्या बेअरिंगचा खरखरीतपणा बोटांना कळतो, कानाला ऐकू न येणाराही. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर तिचा वास घ्यावा. दाट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असेल तर ते गिअर ऑइल, म्हणजे ॲक्सलचे सील गेले. पातळ आणि रंग सोलवटणारे असेल तर ते ब्रेक ऑइल. पहिल्या प्रकारात बेअरिंगसोबत ब्रेकही तपासावे लागतात, कारण तेल प्यायलेले शू धुऊन पुन्हा वापरण्याजोगे राहत नाहीत.

कॉलर कापणे

काम सुरू करताना डिफरेन्शियलमधील ऑइल काढून घ्यावे, नाहीतर शाफ्ट निघताच ते जमिनीवर येते. ड्रम घट्ट बसला असेल तर त्यावर हातोडा चालवण्याची गरज नाही. ड्रमच्या तोंडावर दोन आटे पाडलेली भोके असतात. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळले, की ड्रम स्वतःच सुटून येतो. आतील धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ती ओल्या फडक्याने पुसून काढावी. ब्रेकची नळी सिलिंडरपासून सोडवून तिचे तोंड बंद करावे, हँडब्रेकची केबल ड्रममध्ये येत असेल तर तीही मोकळी करावी आणि मग प्लेटचे चार नट काढावेत.

शाफ्ट बाहेर ओढण्यासाठी स्लाइड हॅमर नावाचे साधन असते. ते नसेल तर गावोगावच्या गॅरेजात एक युक्ती चालते. ड्रम उलटा करून स्टडवर ढिला अडकवायचा, नट दोन-तीन आटे लावून ठेवायचे आणि ड्रम झटक्याने आपल्याकडे ओढायचा. ड्रमचे वजन हातोड्याचे काम करते. युक्ती बरी आहे, पण हे झटके गाडीला स्टँडवरून सरकवू शकतात. शाफ्टसोबत प्लेट आणि बेअरिंग असे सर्व एकत्र बाहेर येते. शाफ्ट हाताने आडवा तोलून काढावा.

आता कॉलर. ती पुन्हा वापरायची नसते, म्हणून ती वाचवण्याचा प्रयत्न करू नये. समोरासमोर दोन ठिकाणी ग्राइंडरने ती घासत पातळ करावी आणि उरलेला पापुद्रा छिन्नीच्या घावाने फोडावा. ग्राइंडर शाफ्टला लागू देऊ नये, ही यातील मुख्य खबरदारी. शाफ्टवर पडलेला एक ओरखडाही पुढे तडा सुरू होण्याची जागा ठरू शकतो, आणि हा शाफ्ट सतत वाकवला जाणारा भाग आहे. कॉलर आणि रेस दोन्ही कठीण पोलादाच्या. घाव बसताना त्यांचे कण गोळीसारखे उडतात. चष्मा न लावता हे काम करणाऱ्या कारागिरांची हिंमत दाद देण्याजोगी असली, तरी अनुकरणीय नाही. गॅसच्या ज्योतीने कॉलर तापवून काढण्याची पद्धतही आढळते. शाफ्ट निळसर पडेपर्यंत तापला की पोलादाचे पाणी उतरते, आणि तो दोष डोळ्यांना दिसत नाही. कॉलर निघाल्यावर बेअरिंग पुलरने किंवा प्रेसवर काढता येते.

बैठक झिजली तर

बेअरिंग निघाल्यावर शाफ्टच्या बैठकीकडे नीट पाहावे, कारण सर्वांत अवघड निर्णय येथे होतो. जुने बेअरिंग अडखळू लागले असेल, तर त्याची आतली रेस शाफ्टवरच घसरत फिरलेली असू शकते. अशा वेळी बैठक चकचकीत, किंचित बारीक आणि कधी निळसर दिसते. मायक्रोमीटरने मोजले की झीज कळते. मोजमापाचे साधन नसेल, तरी एक लक्षण पुरेसे आहे. नवे बेअरिंग किंवा नवी कॉलर हलक्या हाताने सरकत आत गेली, तर तो शाफ्ट निकामी समजावा.

हा निकाल पुष्कळांना मान्य होत नाही. शाफ्ट महाग आणि जुन्या गाडीसाठी मिळणे अवघड, तर पंच मारणे स्वस्त. बैठकीवर सेंटर-पंचाने ठिपके पाडले की प्रत्येक ठिपक्याभोवती धातू उंचावतो आणि कॉलर घट्ट बसल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती त्या मोजक्या टोकांवरच टेकलेली असते. काही हजार फेऱ्यांत ती टोके सपाट होतात आणि कॉलर पुन्हा सैल पडते. या खेपेस ती नव्या, शांत बेअरिंगमागे सैल पडते, म्हणजे आवाजाचा इशाराही मिळत नाही. वेल्डिंगचा थर देऊन लेथवर उतरवण्याचा दुसरा मार्ग याहून घातक ठरू शकतो. वेल्डिंगच्या उष्णतेने लगतचे पोलाद ठिसूळ होते, आणि ते नेमके चकतीजवळ, जेथे वाकण्याचा ताण सर्वाधिक. पंपाच्या शाफ्टला किंवा शेतीच्या अवजाराला चालून जाणारी ही दुरुस्ती सेमी-फ्लोटिंग ॲक्सलला चालत नाही. भंगारातून आणलेला, पण बैठक शाबूत असलेला मूळ शाफ्ट यापेक्षा सुरक्षित. तो घेताना लांबी मात्र जुन्याशी जुळवून पाहावी. १९९३ पूर्वीच्या अरुंद गाडीचे आणि नंतरच्या रुंद गाडीचे शाफ्ट एकमेकांना लागत नाहीत, आणि एकाच गाडीतील डाव्या-उजव्या शाफ्टची लांबीही सारखी असेलच असे नाही. दातांचा भाग पिळवटलेला नाही ना, हेही त्याच वेळी तपासावे.

नवे बेअरिंग विकत घेताना नकली मालाचा धोका खरा आहे. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांची हुबेहूब नक्कल देशभरातील सुट्या भागांच्या बाजारात आढळते. अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घेतलेले बेअरिंग, त्याच्याच जोडीची नवी कॉलर आणि नवे सील, एवढा संच आधी हाताशी असावा. एक बेअरिंग गेले की दुसऱ्या बाजूचेही तितकेच जुने आहे, हे लक्षात घेऊन दोन्ही बाजूंचे सामान एकदमच घेणे शहाणपणाचे.

प्रेसवरची काही मिनिटे

बेअरिंग चढवण्याआधी प्लेट शाफ्टवर ओवायची असते. हे वाचताना हास्यास्पद वाटेल, पण या कामातील ही सर्वांत परिचित चूक आहे. घाईत बेअरिंग आणि कॉलर दाबून बसवली जाते, शाफ्ट हातात घेतला जातो, आणि प्लेट भिंतीला टेकून उभीच असते. मग त्यावर एकच उपाय असतो. नवी कॉलर कापायची, नवे बेअरिंग ओढून काढायचे आणि पुन्हा बाजारात जायचे. क्रम असा : आधी प्लेट, मग बेअरिंग, शेवटी कॉलर. बेअरिंगची एक बाजू झाकलेली असते. ती बाजू प्लेटकडे, म्हणजे चाकाच्या दिशेने ठेवायची.

दाब कुठे द्यायचा, यावर नव्या बेअरिंगचे आयुष्य ठरते. ते शाफ्टवर चढत असल्याने जोर आतल्या रेसवरच पडला पाहिजे. योग्य मापाचा नळीचा तुकडा आतल्या रेसवर टेकवून प्रेसचा दाब द्यावा. बाहेरच्या रेसवर दाब दिला तर तो सारा जोर गोळ्यांमधून जातो आणि रेसच्या खाचेत सूक्ष्म खळगे पडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु पहिल्याच फेरफटक्यात नवे बेअरिंग जुन्यासारखी घरघर करते आणि दोष दुकानदाराला लावला जातो. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगची गतही हीच.

नंतर कॉलर स्वतंत्रपणे दाबायची. बेअरिंग आणि कॉलर एकाच दमात चढवण्याचा मोह टाळावा, कारण बेअरिंग खांद्याला पूर्ण टेकले की नाही हे मग कळत नाही. कॉलर बसताना प्रेसवरील दाब सतत चढता जाणवला पाहिजे. ती अल्प दाबाने आत गेली, तर आपण काहीतरी बसवले इतकेच समाधान उरते. अशा वेळी थांबून बैठक पुन्हा मोजावी. कॉलर बेअरिंगला टेकल्यावर दोहोंमध्ये फट दिसू नये. हायड्रॉलिक प्रेस प्रत्येक गॅरेजात नसतो, परंतु तालुक्याच्या गावी लेथ किंवा ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात तो बहुधा मिळतो. शाफ्ट पिशवीत घालून तेथवर नेणे हे हातोड्याने काम भागवण्यापेक्षा स्वस्त पडते.

हाउसिंगच्या तोंडातील जुने सील काढून जागा स्वच्छ करावी आणि नवे सील सरळ, चहूबाजूंनी समान दाबाने बसवावे. त्याच्या रबरी ओठाला थोडे ग्रीस लावावे. शाफ्ट परत घालताना त्याचे दातेरी टोक या ओठावर टेकू देऊ नये. शाफ्टचे वजन सीलवर क्षणभर विसावले तरी ओठ कापला जातो, आणि महिन्याभरात ड्रममध्ये पुन्हा तेल दिसते. एकाने शाफ्ट पेलावा, दुसऱ्याने चाकाची चकती किंचित फिरवत दात गिअरमध्ये बसवावेत. हाउसिंग आणि प्लेट जेथे मिळतात, तेथे सीलंटचा पातळ थर द्यावा म्हणजे त्या सांध्यातून पाणी शिरत नाही. चारही नट समोरासमोरच्या क्रमाने, दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावेत.

ब्रेकची नळी सोडलेली असल्याने ब्रेकमधील हवा काढणे आलेच. पेडल घट्ट लागेपर्यंत गाडी हलवू नये. डिफरेन्शियलमध्ये साधारण दीड लीटर गिअर ऑइल मावते. ते भरण्याच्या भोकाच्या काठापर्यंत आले की पुरे. त्याआधी ब्रीदर काढून पेट्रोल किंवा डिझेलमध्ये धुवावा आणि त्यातून हवा ये-जा करते का, हे पाहावे. ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांत ब्रीदरच्या जागी रबरी नळी लावून तिचे तोंड बॉडीत उंचावर आणले जाते. खर्च नगण्य, आणि पुढचे बेअरिंग वाचवण्याचा याहून सोपा उपाय नाही.

चाचणीसाठी पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून दोन्ही मागच्या ड्रमजवळ हात न्यावा, स्पर्श करण्याची घाई करू नये. एक बाजू दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर ब्रेक घासतो आहे किंवा बेअरिंग तिरके बसले आहे. चाकाचे नट याच वेळी पुन्हा आवळून पाहावेत. त्यानंतर पाचशे किलोमीटरच्या आत एकदा चाक उचलून आत-बाहेर ओढून पाहावे आणि प्लेटच्या खालच्या काठावर तेलाची ओल आहे का, ते बघावे. कॉलर सरकू लागली असेल, तर चाक किंचित बाहेर आलेले आणि हाताने आत-बाहेर होणारे प्रथम येथेच आढळते. तसे आढळल्यास गाडी स्वतःच्या चाकांवर गॅरेजपर्यंतही नेऊ नये, उचलून न्यावी.